वादळावर खापर फोडण्याआधी कैचीच्या दांड्या मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल-मेमध्ये अवकाळी पावसाबरोबर वारा सुटला की दुसऱ्या दिवशीच्या जिल्हा पानावर त्याच त्या बातम्या येतात. कुठे शाळेची टिनपत्रे उडालेली असतात, कुठे बाजार समितीचे शेड बसलेले असते, कुठे जिनिंगचा गोदाम उघडा पडलेला असतो, आणि प्रत्येक बातमीत कर्ता एकच असतो, तो म्हणजे वादळ. वादळ येते हे खरे आहे आणि ते जोराचे असते हेही खरे आहे. परंतु त्याच गावात, त्याच वाऱ्यात, पन्नास पावलांवरचे दुसरे शेड जागचे हललेले नसते, याची बातमी होत नाही. मी तंत्रनिकेतनात अनेक वर्षे बांधकाम शाखेच्या मुलांना कैचीचे, म्हणजे छत पेलणाऱ्या दांड्यांच्या त्रिकोणी चौकटीचे (ट्रसचे), गणित शिकवले आहे. कोसळलेल्या शेडचा पंचनामा करताना टिनपत्र्यांचे नग आणि नुकसानीचा आकडा लिहिला जातो. मात्र कैचीत किती दांड्या असायला हव्या होत्या आणि प्रत्यक्षात किती होत्या, ही दोन ओळींची नोंद एकाही पंचनाम्यात मी आजवर पाहिलेली नाही. तेवढ्याचसाठी हे पत्र.

यंदा एप्रिलअखेरीस आमच्या गावच्या सभागृहाचे छत पडले. त्यात कोणी नव्हते. लग्न दोन दिवसांवर होते. सभागृह १२ मीटर रुंदीचे, ३ मीटर अंतरावर एक अशा ७ लोखंडी कैच्या, वर टिन. मी दुसऱ्या दिवशी सकाळी टेप आणि खडू घेऊन गेलो. शेंड्याजवळच्या एका खणात, म्हणजे दोन उभ्या दांड्यांमधल्या भागात, सातपैकी सहा कैच्यांत, तिरप्या अँगलचे दोन-दोन बोटांचे खुंट तेवढे शिल्लक होते, मधला अँगल नव्हता. खुंटांच्या कापलेल्या तोंडावर गंज चढून वर रंगाचा हात फिरलेला होता, म्हणजे हे कापकाम वादळातले नव्हे, बरेच जुने होते. कापण्याचे कारण तिथेच लोंबत होते: मोठ्या कूलरचा पत्र्याचा डक्ट. लग्नसराईत हॉलमध्ये उकडते म्हणून काही वर्षांपूर्वी डक्ट आत नेला गेला आणि त्याच्या वाटेत येणारे सहा अँगल गॅसकटरने काढले गेले. आमच्याकडच्या उन्हाळ्यात कूलर ही चैन नव्हे, त्यामुळे डक्ट लावणाऱ्यांच्या हेतूबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

हे काम ज्याने केले तो गावातलाच वेल्डर. हाताला अतिशय चांगला, आणि खोटे न बोलणारा. त्याने मला आपणहून शेजारच्या खणात बोट दाखवून सांगितले, "सर, एक कापला त एक लावून बी देला. हिसाब बराबरच झाला नं." खरोखरच प्रत्येक कापलेल्या अँगलच्या बदल्यात त्याने शेजारच्या खणात, आधीच्या तिरप्या अँगलला आडवा छेदणारा, एक नवा अँगल फुलीसारखा डकवलेला होता. त्याचे हे वाक्य मला कैचीच्या अख्ख्या धड्याइतके मोलाचे वाटते, कारण त्याची चूक ही अडाण्याची चूक नाही. परीक्षेत सूत्र पाठ करून येणारी माझी कित्येक मुले नेमकी हीच चूक करीत आली आहेत.

वावराचे फाटक पाहावे. चार बल्ल्यांची चौकट खिळ्यांनी जोडली तर पहिल्याच पावसाळ्यात ती एका बाजूला लवते आणि फाटकाचा कोपरा जमिनीला घासू लागतो; तिच्यात एक तिरपी पट्टी मारली की ती ताठ उभी राहते. चौकोनाच्या चारही बाजूंची लांबी कायम ठेवूनही त्याचा आकार बदलता येतो, त्रिकोणाचा बदलता येत नाही. कैचीचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. एका प्रतलातल्या कैचीत प्रत्येक सांध्यावर दोनच अटी असतात: आडवी बले एकमेकांना फिटली पाहिजेत आणि उभी बलेही फिटली पाहिजेत. म्हणून सांध्यांच्या संख्येची दुप्पट केली की अटींची संख्या मिळते. दुसऱ्या बाजूला अज्ञात गोष्टी किती, तर प्रत्येक दांडीतला ताण किंवा दाब एकेक, आणि आधारांच्या प्रतिक्रिया. एका टोकाला घट्ट बिजागरी व दुसऱ्या टोकाला सरकता आधार असेल तर अशा प्रतिक्रिया तीन होतात. दांड्या अधिक प्रतिक्रिया ही बेरीज सांध्यांच्या दुपटीहून कमी भरली, तर ती कैची नव्हेच, ते एक यंत्र आहे आणि ते केव्हातरी हलणार. बेरीज बरोबर भरली आणि रचनाही योग्य असली, तर प्रत्येक दांडीतले बल केवळ समतोलाच्या अटींवरून, कागद-पेन्सिलीने काढता येते. हिलाच पुस्तकात स्टॅटिकली डिटरमिनेट म्हणतात. बेरीज जास्त भरली तर कैची इनडिटरमिनेट, म्हणजे तिच्यात समतोलाच्या हिशेबाला पुरून उरणाऱ्या दांड्या किंवा आधार आहेत. हा नियम भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या १८६४ सालच्या लेखामुळे त्यांच्या नावाने ओळखला जातो, जरी गणितज्ञ मोबियस यांनी १८३७ मध्येच ही मोजणी मांडलेली होती.

आता आमच्या सभागृहाची मूळ कैची मोजू. तळाची दांडी सहा खणांची, म्हणून ६ दांड्या. दोन्ही पाख्यांच्या मिळून ६. उभ्या ५. मधल्या चार चौकोनी खणांत प्रत्येकी एक, अशा तिरप्या ४. एकूण २१. सांधे तळाला ७ आणि वर शेंडा धरून ५, म्हणजे १२, त्यांची दुप्पट २४. एकवीस अधिक तीन, चोवीस. ज्याने हा आराखडा काढला त्याने तो नेटका काढला होता. एक तिरपी दांडी कापल्यावर बेरीज २३ झाली आणि शेजारी नवी डकवल्यावर पुन्हा २४ झाली. वेल्डर म्हणाला ते मोजणीपुरते अगदी खरे आहे.

पण मोजणी जुळणे ही किमान अट आहे, पुरेशी अट नाही. शेजारचा खण आधीच त्रिकोणांनी ताठ झालेला होता, तिथे दुसरी तिरपी दांडी घालून तो काही अधिक स्थिर झाला नाही; आणि ज्या खणातून दांडी काढली तो उघडा चौकोन राहिला, म्हणजे पुन्हा आपले फाटक. एका खणात एक दांडी फाजील आणि दुसऱ्यात एक कमी, अशी बेरीज जुळवणे म्हणजे एका वावराला दोनदा पाणी देऊन शेजारच्या कोरड्या वावराचा पाट चुकता केल्यासारखे आहे. म्हणून मुलांना मी सांगत असे की एकूण आकड्यावर थांबू नका, कैचीवर उभी रेघ मारून प्रत्येक खण वेगळा तपासा आणि एका त्रिकोणापासून सुरुवात करून दोन-दोन दांड्यांनी एकेक सांधा जोडत अखेरपर्यंत जाता येते का ते पाहा. साध्या त्रिकोणी बांधणीच्या कैचीत असे जाता आले तर रचना ठीक. मध्येच चौकोन आडवा आला तर थांबून विचार करा.

मग ती कैची इतकी वर्षे उभी कशी राहिली, असा प्रश्न सरपंचांनी मला विचारला, आणि प्रश्न रास्त आहे. पुस्तकातली कैची खिळ्यावर फिरणाऱ्या सांध्यांची असते, प्रत्यक्षातले सांधे गसेट प्लेटवर, म्हणजे सांध्यावरच्या लोखंडी जोडपट्टीवर, वेल्ड केलेले असतात आणि पाख्याचा अँगल तर सांध्यावर न तुटता सलग जातो. उघड्या चौकोनाला वाकण्यापासून या सलग अँगलांनी आणि वेल्डिंगने रोखून धरले होते. परंतु लांबीच्या दिशेने ताण-दाब घेण्यासाठी निवडलेला बारीक अँगल वाकण्याचे काम फार थोडे करू शकतो. साधे टिनाचे वजन त्याने पेलले, दरवर्षीच्या लहानसहान वाऱ्यात थोडे थोडे सहन केले, आणि ज्या संध्याकाळी वारा एकाच पाख्यावर जोराने आला त्या संध्याकाळी उघडा खण फाटकासारखा कलला. वाकलेल्या कैच्यांमध्ये तो खण कललेला, तिरका चौकोन होऊन पडलेला मी पाहिला आणि त्याच्या शेजारची फुली जशीच्या तशी होती.

कापाकापीचा आणखी एक प्रकार मी खेड्यापाड्यांतल्या शेडमध्ये वारंवार पाहतो, तो म्हणजे टोकाजवळची आखूड उभी दांडी काढून टाकणे. वरच्या कैचीत दोन्ही टोकांकडची पहिली उभी दांडी घ्या. तळाच्या त्या सांध्यावर काही टांगलेले नसेल तर हिशेबाने तिच्यातले बल शून्य येते, कारण तिथल्या उरलेल्या दोन्ही दांड्या एका आडव्या रेषेत आहेत आणि तिच्या उभ्या बलाला तोलणारे दुसरे कोणीच नाही. शून्य बल म्हणजे बिनकामाची, असा अर्थ कोणीतरी काढतो आणि अँगल भंगारात जातो. ती दांडी काढली की तळाचा तो सांधा अधांतरी होतो. शिवाय चोवीसच्या मोजणीत तीही एक होतीच. तिचे काम वजन वाहण्याचे नसून तळाच्या लांब दांडीला मध्येच धरून ठेवण्याचे आहे, आणि ते काम किती मोठे आहे हे वारा उलटा लागला की कळते.

वारा उलटा लागणे म्हणजे छत वर उचलले जाणे. इमारतींवरच्या भारांसाठी असलेल्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर दिलेला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवर १,१६० न्यूटनच्या आसपास दाब येतो, आपल्या बोलीत सांगायचे तर ११८ किलो. छताचा आकार, उंची आणि शेड उघडे की बंद यांवरून तो कमी-जास्त होतो, पण हलक्या टिनाच्या छताचे पर्लिन (टिन ज्यांवर बसते त्या कैच्यांवरच्या आडव्या दांड्या) आणि कैचीसकट सगळे वजन या आकड्याच्या जवळपासही जात नाही. म्हणूनच गावात टिनावर दगड ठेवतात, आणि म्हणूनच वाऱ्यात ते दगडही खाली येतात. छत वर ओढले जाऊ लागले की कैचीतील बलांची दिशा फिरते: एरवी ताणात असणारी तळाची दांडी दाबात जाते. कासरा ओढता येतो, ढकलता येत नाही. बारीक अँगलचे जवळजवळ तसेच आहे. तुराटी दोन्ही टोकांना धरून दाबून पाहावी, लांब तुराटी लगेच वाकते, तिचाच निम्मा तुकडा चांगला तग धरतो. न धरलेली लांबी निम्मी केली तर वाकण्याआधी सोसता येणारा दाब चौपट होतो, असे गणितज्ञ ऑयलरचे सूत्र सांगते. भंगारात गेलेल्या त्या शून्य बलाच्या दांडीचे मोल इथे आहे. आणि आधारांचे काय? खांबावर नुसती टेकवलेली कैची खाली दाबली जात असताना आधार तिला वर रेटतो, पण ती उचलली जाऊ लागली की त्याच्याकडे धरून ठेवायला काहीच नसते. फाउंडेशन बोल्टची नट नसेल तर आपण हौसेने मोजलेल्या तीन प्रतिक्रिया त्या क्षणी शून्य होतात.

काही कंत्राटदार यावर उपाय म्हणून सांगतात की सगळ्याच खणांत फुल्या मारू, दोन्ही टोके खांबाला वेल्ड करू, म्हणजे विषयच संपला. माझे मत थोडे वेगळे आहे. जादा दांड्या आणि जादा आधार यांनी कैची इनडिटरमिनेट होते, आणि अशा कैचीत ओझे कोणत्या दांडीने किती घ्यावे हे केवळ समतोलावर ठरत नाही. दांड्यांची जाडी, तापमान, पायाची हालचाल आणि वेल्डरने अँगल कसा बसवला, या सगळ्यांवर ते ठरते. आमच्याकडे हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत ३५ अंशांचा फरक सहज असतो, आणि टिनाखालचे लोखंड तर हवेहून अधिक तापते. १२ मीटर लांबीचे लोखंड ३५ अंशांनी तापले की सुमारे ५ मिलिमीटर वाढते. एका टोकाला बोल्टचे भोक लांबट ठेवले असेल तर कैची तेवढी सरकते आणि तिच्यात कसलेही बल निर्माण होत नाही. दोन्ही टोके वेल्ड केली असतील तर तीच वाढ खांब ढकलते आणि दांड्या दाबते. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती उथळ पाया वर्षभरात जागचा हलवते. एक खांब जरासा बाहेर कलला तरी लांबट भोकाची कैची त्याच्यासोबत जाते, वेल्ड केलेली कैची मात्र खेचली जाते. रेल्वेच्या जुन्या लोखंडी पुलांचे एक टोक रोलरवर का ठेवलेले असते याचे उत्तर यातच आहे.

अँगल बसवण्याचेही तसेच. दीड मीटरचा अँगल दीड मिलिमीटर लांब कापला गेला आणि तो घण मारून बसवला, तर भोवतालची चौकट अजिबात हलली नाही असे धरल्यास त्या अँगलमध्ये २०० मेगापास्कलच्या घरातला दाब वाऱ्याची झुळूक येण्याआधीच शिरलेला असतो. साध्या पोलादाची सोसण्याची हद्द २५० मेगापास्कल आहे. प्रत्यक्षात चौकट थोडी हलते आणि आकडा उतरतो, पण हिशेबाबाहेरचे काही तरी आत जाऊन बसते हे निश्चित. नेमक्या दांड्यांच्या कैचीत हा प्रश्नच येत नाही. अँगल थोडा लांब असला तर कैचीचा आकार तेवढा बदलतो आणि ताण शून्यच राहतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण इथे मी सोयीस्कर अर्धेच सांगतो आहे असे कोणाला वाटू नये. नेमक्या दांड्यांच्या कैचीत एक दांडी किंवा एक सांधा गेला की ओझ्याला दुसरी वाट नसते. अमेरिकेतील मिनियापोलिस येथील मिसिसिपी नदीवरचा कैचीचा महामार्ग पूल १ ऑगस्ट २००७ रोजी संध्याकाळच्या रहदारीत कोसळला आणि १३ माणसे गेली. तिथे दोष निघाला तो काही सांध्यांवरच्या गसेट प्लेट आराखड्यातच अपुऱ्या जाडीच्या होत्या हा, आणि एक सांधा जाताच मधला सगळा गाळा खाली येण्याचे कारण हे की त्या पुलाला जादा वाट ठेवलेली नव्हती. म्हणून मोठ्या पुलांना आणि गर्दीच्या इमारतींना जादा दांड्या द्याव्यात, पण त्यांचा हिशेब करणारा व दरवर्षी तपासणारा माणूस असावा. गावच्या शेडला तो माणूस मिळत नाही. म्हणून माझा कौल साध्या, नेमक्या दांड्यांच्या कैचीला आहे, जिची मोजणी दहावीचा मुलगा जमिनीवर उभा राहून करू शकतो. आणि जादा लोखंड घालायचेच असेल तर ते एका कैचीत न घालता दोन कैच्यांच्या मध्ये घालावे. कारण कैची कितीही स्थिर असली तरी ती आपल्या प्रतलात स्थिर असते. नुसत्या पर्लिनवर एकामागे एक उभ्या केलेल्या कैच्या वरून पाहिल्या तर पुन्हा चौकोनांची ओळच दिसते, आणि शेवटच्या खणांत पाख्यांच्या पातळीवर तिरपे बंध नसतील तर सगळी रांग पुस्तकांच्या फळीसारखी एका बाजूला झोपते.

माझी मागणी फार खर्चाची नाही. ग्रामपंचायत, शाळा किंवा बाजार समिती यांच्या प्रत्येक शेडमध्ये कैचीचे एकरेघी चित्र, सांध्यांना क्रमांक देऊन, दर्शनी भिंतीवर रंगवावे आणि खाली दांड्या, आधार व सांधे यांची संख्या लिहावी. कूलर, पंखा, लाऊडस्पीकर, कशासाठीही अँगल कापायचा असेल तर त्या चित्रावर खूण करून कनिष्ठ अभियंत्याची सही घ्यावी. पंचनाम्याच्या कागदावर पडलेल्या कैचीची मोजणी लिहावी. आणि आपल्या वार्ताहरांनी शेड कोसळल्याची बातमी देताना, शक्य असेल तिथे, कापलेल्या जुन्या खुंटांचा एक फोटो घ्यावा. नव्या तुटीचे लोखंड चकाकते आणि जुन्या कापाचे गंजलेले असते, एवढा फरक ओळखायला अभियंता लागत नाही.

आमच्या सभागृहाच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार झाले आहे. त्यात टिनपत्रे, रंगकाम आणि "कैची दुरुस्ती, ७ नग" असे लिहिलेले आहे, चित्र जोडलेले नाही, आणि डक्ट पूर्वीच्याच जागी बसवायचा आहे. डक्ट तळाच्या दांडीखालून, भिंतीच्या कडेने नेता येतो. उंची पुरते, मी टेपने मोजली आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी चित्र मागणार आहे, आणि तो वेल्डर माझ्यासोबत येतो म्हणाला आहे.

आपला,
एक निवृत्त तंत्रनिकेतन अधिव्याख्याता,
जि. यवतमाळ